खाडीच्या पाण्यात सोलापूरची बादली

साडूच्या भूमिपूजनाचं आमंत्रण आलं तेव्हा मी नळाखाली बादली लावून बसलो होतो आणि नळातून नुसती हवा येत होती. आमच्या जुळे सोलापूर भागात पाणी रोज येत नाही. आलं की गल्लीत कुणीतरी ओरडतं, "पाणी आलंऽ!" आणि घरोघर पळापळ होते. तिकडे मोहनराव, माझ्या मेहुणीचे यजमान, रत्नागिरीजवळ खाडीकाठी पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधणार होते. अंगणात काठोकाठ विहीर, समोर खाडी. एकाच माणसाला इतकं पाणी कशाला, असं मनात आलं. देवघरासमोर जाऊन बसलो, तरी ते गेलं नाही.

कोजागरीच्या दिवशी पहाटे निघालो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा रस्ता. बायकोनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती, त्यामुळे वाटेत खर्च डिझेलचा आणि चहाचाच. जाणाऱ्यांना एवढंच सांगतो, आंबा घाट उजेडी उतरा. धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. घाटात जागोजाग झरे वाया चालले होते. मी काच वर केली.

पोचताच मोहनरावांनी माडांखालची जागा दाखवली. "साडूभाऊ, पर्यटक उठला की खिडकीतून थेट खाडी!"

मी "वा" म्हणालो. माझ्या खिडकीतून शेजाऱ्याची टाकी दिसते.

मेहुणी शोभा मूळची आमच्याकडच्या वैरागची, आता इथल्या ग्रामपंचायतीत सदस्य आहे. पंचायतीच्या प्रशिक्षणात शिकलेला एक नकाशा तिनं मोबाइलवर उघडला. किनाऱ्याच्या गावांसाठी इंटरनेटवर तो फुकट आहे. एक पट्टी सरकवली की समुद्र चढल्यावर पाणी कुठवर येईल तेवढा भाग निळा होतो. खोल्यांची जागा पांढरी होती.

"नकाशासुद्धा हो म्हणतोय," मोहनराव खूश.

मी पट्टी हळूच आणखी पुढे ढकलली. जागा पांढरीच. मला वाईट वाटलं, आणि मग वाईट वाटल्याचं वाईट वाटलं.

शोभा मात्र कुरकुरली. "मला पटत नाही. ही उंची आभाळातून मोजलेली. माडांचे शेंडेच जमीन म्हणून धरले असतील तर?"

"उद्या भूमिपूजन, आज शंका!" मोहनराव उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त संध्याकाळचा होता. दुपारी सोलकढी-भात जेवून ओटीवर माझा डोळा लागला. एकदम खालून आरोळी आली, "पाणी आलंऽ!"

मी ताडकन उठलो. न्हाणीतली बादली उचलली आणि धावत सुटलो. माडांखाली पोचलो तेव्हा पायाला गार लागलं. उधाणाचं पाणी बांधावरून आत शिरून खोल्यांच्या आखणीवर पसरलं होतं. गडीमाणसं सिमेंटच्या गोण्या वर उचलत होती आणि मी मधोमध बादली घेऊन उभा.

"दाजी, नळाचं पाणी हाय व्हय ते?" शोभाला हसू आवरेना. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून माहेरची बोली फुटली. "भरा की, लई खारट हाय!"

मग तिनं मोबाइल बाहेर काढला. "दाजी, हलू नका. बादली तितंच ठेवा." तिनं फोटो काढला आणि नकाशावर गावकऱ्यांनी पाण्याची खूण नोंदवायची सोय असते तिथे टाकला.

मोहनराव चुन्याची पांढरी रेघ विरघळताना बघत होते. हेच बघायला मी आलो होतो जणू. पण त्यांचा चेहरा बघवेना. सोलापूरहून आणलेलं सिद्धेश्वराचं भस्म मी त्यांच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी भूमिपूजन वरच्या काजूंपाशी झालं आणि ते भस्म तिथल्या खड्ड्यात गेलं. तिथून खाडी दिसत नाही.

निघताना ते म्हणाले, "गाव माझं, खाडी माझी, आणि नकाशावर बादली तुमची!" हसत म्हणाले, पण मला तो सूर ओळखीचा वाटला.

घरी येऊन मी तो नकाशा पुन्हा उघडला. खाडीकाठी माझी बादली, खाली शोभाची ओळ: 'इथवर पाणी आलं.' बोटानं सरकवत सोलापूरपर्यंत आलो. इथे काहीच नाही, निळं नाही, पट्टी नाही. समुद्राच्या येण्याची चौकशी इतकी, आमच्या नळाची कुणाला नाही.

तेवढ्यात गल्लीतून आवाज आला, "पाणी आलंऽ!" मी बादली उचलली, आणि पळण्याआधी पायाखाली बघितलं.