बाईंना नापास करायला बसले होते

इंग्रजांच्या राज्यात माझे पणजोबा शिक्षण खात्यात होते. गावोगावच्या शाळा तपासण्यात त्यांची हयात गेली, पण खात्याच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली की दर वेळी बोटीतून नवा गोरा साहेब उतरायचा. तो राग आमच्या घरात अजून ताजा आहे. आणि मी, त्यांची पणती, सौदीतल्या जेद्दात बसून तेच करायला निघाले होते.

आमच्या मुलीच्या भारतीय शाळेला मुख्याध्यापक हवा होता. पालकांच्या निवड समितीत आम्ही पाच जण. मी भूल देणारी डॉक्टर, स्वभावाने फटकळ. शेवटी दोन नावं उरली. एक गृहस्थ लंडनला शिकवून आलेले. दुसऱ्या, आमच्याच शाळेतल्या एक बाई, रत्नागिरीकडच्या, वर्षभर कारभार सांभाळणाऱ्या. इंग्रजी बोलतानाही त्यांचा कोकणी हेल सुटायचा नाही. नवा माणूस आला की बाईंचा करार संपणार, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना रद्द, खलास. वीस वर्षांचं बस्तान गुंडाळून परत जायचं. हे ठाऊक असूनही माझं मत लंडनकडे झुकलेलं होतं.

सकाळच्या मुलाखतीला बाई उशिरा आल्या, घामाने निथळत. मला निमित्तच मिळालं. म्हटलं, आजच्या दिवशीही वेळ पाळता येत नाही? त्या म्हणाल्या, मुलं उतरल्यावर सगळ्या बस आतून बघून आले. ते ड्रायव्हरचं काम, मी फटकारलं.

"त्याचंच आहे. पण गेल्या वर्षी पहिलीतली एक मुलगी मागच्या सीटवर झोपून राहिली होती. दार बंद, बाहेर हे ऊन. मला वेळेत दिसली. तेव्हापासून मी स्वतः बघते."

कुणाची मुलगी, मी विचारलं. घरी तेव्हाच कळवलंय, एवढंच त्या म्हणाल्या.

जेवताना मी तावातावाने नवऱ्याला सांगत होते, काय एकेक आईबाप, साधी तक्रारसुद्धा केली नाही! त्याने हातातला घास खाली ठेवला.

"आपलीच होती ती. धाकटा तुझ्या पोटात होता, बीपी वाढलेलं. तुला सांगू नका म्हणून मीच बाईंना गळ घातली होती."

मुलगी शेजारीच वरणभात कालवत होती. तिला ओढून मांडीवर घेतलं, तर "मम्मा, व्हॉट?" म्हणून वैतागली.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर मी सगळं ओकले, माझ्या मनातल्या आकसासकट. बाई निवडल्या गेल्या. मी त्यांच्यावर उपकार केला असं कुणी म्हणालं तर मला हसू येतं. त्यांचं ऋण या जन्मी फिटायचं नाही, आणि फेडायची मला घाईही नाही.

मग बाईंना भेटायला गेले. विचारलं, एका वाक्याने मला गप्प करता आलं असतं, तुमची नोकरी पणाला लागली होती, मग का नाही बोललात?

"तुमच्या यजमानांना शब्द दिला होता ना," बाई म्हणाल्या.