शहाजी भावजी आणि आपोआप उघडणारे फोटो

आज एकादशी. पूजा आटोपून साबुदाणा भिजत घातला आणि खाली शहाजी भावजींच्या दुकानात गेले. नवरात्रातल्या भोंडल्याचे फोटो सुनेने, सईने, पेनड्राइव्हवर घालून दिले होते, ते छापून आणायचे होते.

भावजी मूळचे साताऱ्याकडचे. सगळं आयुष्य वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहण्यात गेलं. पाठ गेली तेव्हा आमच्या नावड्याच्या कॉलनीत त्यांनी हा फोटो-झेरॉक्सचा गाळा टाकला. कॉम्प्युटर मात्र मुलगी चालवते, मोनाली. आई नसलेली पोर, घरात बापलेक दोघंच. तिला आता बंगलोरला नोकरी लागलीय आणि ती नाही म्हणायला निघाली होती, पप्पा दुकान एकटे कसे चालवणार म्हणून. भावजी तिच्यावर असे खेकसले की आमच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकू आलं, "माझ्यापायी तू जल्मभर हितंच झेरॉक्स काढत बसणार व्हय गं?"

मग तिने एक युक्ती केली. कॉम्प्युटरच्या डब्याला पेनड्राइव्ह लावला की फोटो आपोआप उघडतात, रांगेने. हव्या त्या फोटोवर क्लिक करायचं आणि जिथे तिने हिरवी टिकली चिकटवलीय ते बटण दाबायचं. बस. पण अट घातली. आज दिवसभर पप्पांनी एकट्याने दुकान चालवायचं. जमलं तर ती जाणार, नाही तर संध्याकाळी कंपनीला नकार कळवणार.

मी गेले तेव्हा भावजी डब्यासमोर हात जोडून उभे.

"वैनी, हे उघडंना."

"काय उघडेना?"

"काल संध्याकाळपातूर उघडत हुतं. आज सकाळधरनं दोन गिऱ्हाइकं माघारी गेली. पेनड्राइव घालतोय, काढतोय, ढिम्म."

मी माझा दिला. त्यांनी घातला. पडद्यावर काहीच नाही. म्हटलं, उलटा घातलात का? उलटा जाईचना. डबा बंद करून चालू केला. मी मनात नामस्मरण सुरू केलं. भावजी म्हणाले, "पोरीनं पोग्राम कुठं ठिवलाय, पेनड्राइवमदी का डब्यात?"

"पेनड्राइव्हमध्ये कसा असेल? हा तर माझा आहे."

"मग डब्यात असंल तर पेनड्राइव कशाला लागतोय?"

मलाही तेच कळत नव्हतं. त्याला कोण सांगतं की आता उघड? डब्याला कसं कळतं कोणीतरी आलं म्हणून?

"मोनालीला फोन करा ना," मी म्हटलं.

"आन् फोन केला म्हंजी झालंच की! लगीच म्हणंल, बघा, जमत न्हाई. जिवात जीव असंस्तवर करायचा न्हाई फोन."

त्यांनी पेनड्राइव्ह उपसून माझ्या हातात दिला. बघते तर टोक लालभडक. बोटावर चोळलं, वास घेतला. कुंकू! ओलं कुंकू, हळदीसकट.

"भावजी, काल दसऱ्याला डब्याची पूजा केलीत?"

"केली की. हत्यार हाय ते माझं. प्रिंटराला केली, कात्रीला केली."

"कुंकू कुठे लावलंत?"

त्यांनी बोट दाखवलं. बरोब्बर त्या फटीवर. "तिथनंच सगळं सुरू हुतंय न्हवं? म्हटलं, तोंडाला लावावं." आणि वर झेंडूची पाकळी खोचली होती म्हणे.

मी हसायला लागले, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. फटीतलं कुंकू खरवडायला ते सुई शोधायला लागले. मी म्हटलं, विजेचं आहे, नको. डबा फिरवून पुसायला घेतला तर पाठीमागे तशाच फटी, चार. कोऱ्या करकरीत. घालून बघितला तिथे. दोन क्षण काही नाही, आणि मग पडदाभर आम्ही बायका, फेर धरलेल्या.

भावजींनी टिकलीचं बटण दाबलं. प्रिंटर घरघरला. पुढे दुपारपर्यंत चार गिऱ्हाइकं झाली. मी उपासाची, तरी तिथेच स्टुलावर बसून राहिले.

संध्याकाळी मोनाली आली, तेव्हा मीही पुन्हा खाली उतरले होते. भावजींनी लपवलं नाही. "बंद पडलं हुतं. मी चालू केलं. वैनी हुत्या."

"कसं केलंत?"

"मागच्या भोकात घातला. पर तू तर पुढचंच दावलं हुतंस, मग मागनं कसं काय उघडलं?"

"पप्पा, कुठेही लावा, चालतंच."

"मग पुढं का न्हाई चाललं?"

"कुंकू भरलंत म्हणून!"

"आन् मागं न्हाई भरलं, म्हणून चाललं?" भावजी विचारात पडले. "म्हंजी मला अजून काय कळलं न्हाई बग."

मोनाली म्हणाली, "न कळता चालवलंत ना? कंपनीला हो कळवते." आणि मोबाइल घेऊन बाहेर गेली.

भावजी प्रिंटरचा कागद उगाच सरळ करत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "वैनी, खरंच जाईल का वो ती?"

ती जावी म्हणून विचारत होते की राहावी म्हणून, मला कळलं नाही. मी नुसतीच हो म्हटलं.