डाव्या चपलेचा नकार

माझ्या डाव्या टाचेत एक काळा ठिपका आहे. धाकटी नात पायांना तेल चोळताना त्यावर बोट ठेवते आणि विचारते, "आजी, हे काय?" मी सांगते, "क्रांती." ती विचारते, "दुखते का?" मी म्हणते, "थंडीत."

बाभळीचा काटा आहे तो. अर्धा निघाला, अर्धा राहिला. पण तो तिथे गेला कसा हे सांगायचं तर अठ्ठावीस वर्षांच्या एका बाईची ओळख करून द्यावी लागेल, आणि ती बाई मला अजूनही फारशी आवडत नाही. फार बोलायची.

ती यवतमाळच्या कचेरीतल्या एका बाबूची मुलगी. आमच्या घरात सगळ्याला समास असायचा. वडील कोऱ्या कागदावर आधी पट्टीनं रेघ मारत आणि मगच लिहीत, किराण्याची यादीसुद्धा. शाळेतली मास्तरकी सोडून मी शेतावर राहायला जातेय, तिथे मालक नाही, नोकर नाही, विजेची तार नाही, हे मी त्यांना पत्रानं कळवलं. पत्राला मुद्दाम समास सोडला नाही. चार दिवसांनी उत्तर आलं: पत्र पोचलं, तब्येतीला जपावं, आणि डावीकडे जागा सोडत जावी, फायलीला लावताना अक्षरं भोकात जातात.

शेत कळंबच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून बरंच आत. आमच्यातल्या एकाच्या मामाची पडीक जमीन, एक विहीर, दोन मातीच्या खोल्या. आम्ही आठ जण स्वतःला अराजकवादी म्हणवून घ्यायचो. गावात हा शब्द कुणाच्या जिभेवर बसेना. ते आम्हाला 'बिनकरंटवाले' म्हणत. विजेचा खांब बांधापर्यंत आला होता, आम्ही तार घेतली नाही. तसं पाहिलं तर त्या काळात गावातही अर्धा दिवस वीज नसायचीच. फरक एवढाच की गाववाले त्यासाठी शिव्या द्यायचे आणि आम्ही त्याला तत्त्व म्हणायचो.

दिवस कापसाच्या आजाराचे होते. कापसाचं नाव काढलं की भल्या भल्या बोलक्या घरांत माणसं गप्प होऊन बाहेर बघायला लागायची. दिग्रसच्या दुकानांतून पाकिटातलं बी यायचं. दर साली नवं पाकीट, नवं चित्र, नवा फवारा. आम्हाला या सगळ्यातून बाहेर पडून दाखवायचं होतं. कुणाला दाखवायचं होतं, हे कुणी विचारलं नाही.

आमचं एक आवडतं शास्त्र होतं, त्याचा मला आजही अभिमान वाटतो, आणि हसूही येतं. कुठलाही निर्णय बहुमतानं नाही. सगळे तयार असतील तरच. एकानं नकार दिला की काम थांबलं. पण नकार फुकट मिळू नये, असं पुण्याहून आलेल्या आमच्या दाढीवाल्या इंजिनियरला वाटायचं. म्हणून त्यानं पद्धत काढली: ज्याला नकार द्यायचा त्यानं आपली डावी चप्पल गोलाच्या मधोमध ठेवायची. जोवर नकार आहे, तोवर चप्पल तिथेच. दुसऱ्याची चप्पल मागायची नाही. दुसऱ्यानं ती हलवायची नाही. काळ्या मातीत, बाभळीच्या रानात, एका पायानं अनवाणी. दाढीवाला म्हणायचा, "ज्याला खरंच पटत नसेल त्याचा पाय सोसेल."

पहिल्या वर्षात चपला तीनदा पडल्या. तिन्ही संध्याकाळपर्यंत उचलल्या गेल्या. मग ती सरकी आली.

शेजारच्या शेतातली म्हातारी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. कमरेत वाकलेली, तोंडानं ताठ. तिच्या मुलानं सगळं रान पाकिटाच्या बियानं पेरलं होतं. तिच्याकडे तिच्या सासूपासून चालत आलेली गावरान सरकी होती, एक गाडगंभर. बोंड बारीक, धागा आखूड, बाजारात कुणी विचारत नव्हतं. मुलगा तिला एक सरीसुद्धा देईना. ते गाडगं घेऊन ती एक दिवस आमच्या अंगणात आली.

"तुमाले बाजार नाही, भाव नाही, काईच नाही," ती म्हणाली. "तुमीच पेरसान हे. दुसरा कोनी पेरत नाही."

"आम्ही नक्की पेरू, मावशी," सर्वांत आधी कोण बोललं असेल? ती अठ्ठावीस वर्षांची.

"औंदा पेरजा. ह्या सरकीले दोन पावसाये झाले. औंदा राह्यली त मंग उगवत नाही, खल्लास. अन् पुढच्या साली दोन गाडगे वापस आनजा."

गाडगं आमच्या खोलीत ठेवलं. गाव सोडा, आसपासच्या चार गावांत तेवढीच सरकी होती. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आमच्या चर्चा आणखी लांबल्या.

पाऊस पडला. दोन दिवसांनी जमिनीला वाफसा आला. माती ना चिकट ना कोरडी, मुठीत दाबली की गोळा होतो आणि सोडली की भुगा होतो, तो वाफसा. तो चार दिवस टिकतो, फार तर पाच. मग वरची माती कडक होते आणि बी आत गुदमरतं. सकाळीच आम्ही खोलीत गोल करून बसलो. ठरलं असं: विहिरीचा दोर घ्यायचा, त्याला दोन दोन हातांवर गाठी मारायच्या, दोर ताणून सरळ ओळीत, बोटानं खड्डा करून सरकी टोबायची. सात जणांनी मान डोलावली.

आठवी उठली, डावी चप्पल काढली आणि मधोमध ठेवली.

"ओळ म्हणजे सत्ता," मी म्हणाले. मी खरंच असं म्हणाले. "सैन्य ओळीत उभं राहतं. शाळेत मुलं ओळीत उभी राहतात. कचेरीत फायली ओळीत लागतात. बियाणं तरी मोकळं पडू द्या. मुठीनं फेकू. जिथे पडेल तिथे उगवेल."

सगळे बघतच राहिले. मला वाटलं, भारावले. आता वाटतं, त्यांना भूक लागली असावी.

दाढीवाला दीड तास बोलला. वैद्यकी अर्ध्यात सोडून आलेली आमची एक मैत्रीण होती, ती म्हणाली, "अगं, ऊन वाढतंय." स्वयंपाक करणारा एक गप्प माणूस होता आमच्यात. भाकरी पातळ आणि गोल करायचा, बोलायचा नाही. तो उठून चुलीकडे गेला. चप्पल तिथेच राहिली.

दुसरा दिवस तसाच गेला. मी एका पायानं वावरले. पाणी आणायला, सरपण आणायला, लंगडत, ताठ मानेनं. संध्याकाळी बांधावर काटा टाचेत घुसला. मैत्रिणीनं सुईनं काढायचा प्रयत्न केला, अर्धा मोडला. "चप्पल उचल ना," ती कुजबुजली. मी म्हणाले, "हा पायाचा प्रश्न नाही." ती म्हणाली, "बरं, मग पाय इकडे कर."

तिसऱ्या दिवशी मावशी बांधावरून आली. मी विहिरीपाशी एका पायावर उभी, बगळ्यासारखी.

"काहून वं, लंगडून राह्यली? वहान कुठी गेली?"

"बैठकीत ठेवलीय."

"कायले?"

"नकार द्यायला. आमच्यात नकार द्यायचा तर डावी चप्पल काढतात."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. "माह्या सुनेले असं सांगतलं असतं त लगनाच्या दिसापासून अनवानीच राह्यली असती वं माय," ती म्हणाली. मग एकदम गंभीर झाली. "सरकी पडली काय?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. ओळ, सैन्य, सत्ता. माझ्या मते मी ते फार सोपं करून सांगितलं. ती ऐकत होती आणि माझ्या टाचेकडे बघत होती.

"अन् निंदन कोन करन?" तिनं विचारलं.

"काय?"

"गवत. गवत उगन ना कापसात. ओळ असली त दोन ओळीच्या मधातून डवरा चालते, बैल घेऊन गेलं की अर्धं गवत खल्लास. फेकून देल्लं, त डवरा कुठून नेसान? मंग बायाच लागतीन खाली बसून. दिवसभर. कापूस कोनता अन् गवत कोनतं, हातानं धुंडत. ओळ काई सायबानं नाही काढली वं. कोनत्या तरी बाईची कमर दुखली असन, तिनं काढली."

मी काहीच बोलले नाही. माझ्या आयुष्यातली ही एक दुर्मिळ घटना, म्हणून तिची नोंद इथे करते.

"उद्याचा दिस हाय," ती जाताना म्हणाली. "परवा माती दगड होते. मंग माह्या सासूले मी वर जाऊन काय सांगू, वहान आडवी आली?"

आता कुठल्याही शहाण्या बाईनं सरळ खोलीत जाऊन चप्पल उचलली असती. पण त्या मूर्ख पोरीला वाटलं की चप्पल उचलली तर वडिलांची पट्टी जिंकली. ती रात्रभर कूस बदलत राहिली. आणि पहाटे, झुंजुमुंजू व्हायच्या वेळेला, तिनं क्रांतीच्या इतिहासातलं सर्वांत लाजिरवाणं काम केलं. ती चोरून पेरायला निघाली. सरळ ओळीत. चप्पल मात्र गोलात तशीच.

विहिरीवर गेले तर दोर नव्हता. गाडग्यापाशी गेले तर गाडगं अर्धं. उंदीर? चोर? धडपडत शेतात गेले. धुरकट उजेडात आमचा गप्प स्वयंपाकी एका टोकाला खुंटी ठोकून दोर बांधत होता. त्याच्या धोतराच्या ओच्यात सरकी होती, एकमेकींना चिकटू नये म्हणून शेणमातीत घोळलेली. त्यानं मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. माझ्या हातातली सरकीची वाटी लपवायला जागा नव्हती.

"दुसरं टोक धर," तो म्हणाला. वर्षभरात तो माझ्याशी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य.

आम्ही पहिली ओळ टोबून दुसरीकडे वळतोय तोच बांधावर काहीतरी हललं. दाढीवाला. खिशात सरकी. त्याच्या मागून मैत्रीण, ओटीत सरकी. ती आम्हाला बघून म्हणाली, "मी फिरायला आले होते." मग बाकीचे चौघे. प्रत्येकानं चोरून थोडी थोडी सरकी घेतलेली. आठ अराजकवादी, ज्यांना एकमेकांच्या संमतीशिवाय चूल पेटवायची नव्हती, ते सगळे एकाच पहाटे एकमेकांपासून लपून एकाच शेतात आले होते. कुणी कुणाला काही विचारलं नाही. दोर ताणला गेला, उचलला गेला, पुन्हा ताणला गेला. गाठीपाशी बोटानं खड्डा, तीन सरक्या, वर माती. माझी टाच ठणकत होती आणि मी दोराचं टोक धरून होते. ऊन चढलं तेव्हा अर्धा एकर झाला होता. गाडगं पालथं घातलं, एकही सरकी नव्हती.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला बैठक बसली. माझी चप्पल मधोमध. दाढीवाल्यानं घसा साफ केला आणि गंभीरपणे विचारलं, "तर, पेरणीचा विषय अजून अडलेला आहे. कुणाला काही मांडायचं आहे?"

कुणालाच नव्हतं. माझ्या नखांत अजून शेण होतं.

असं आठवडाभर चाललं. रोज बैठक, रोज तोच विषय, रोज मधोमध चप्पल. शेतात सरकी फुगली, माती उचलली, दोन दोन जाड पानं बाहेर आली, आणि तिकडे ठराव अजून अडलेला. माझ्याही मनात येत होतं, आता उचलावी. पण उचलायची तर काय म्हणून? मी हरले म्हणून, की मी खोटं वागले म्हणून? दोन्ही खरं होतं आणि दोन्ही जिभेवर येत नव्हतं.

मग मावशी रोपं बघायला आली. आम्ही सगळे तिच्या मागे. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून चालली. प्रत्येक ओळीपाशी थांबायची, एक डोळा मिटून बघायची, मग पुढे. तिच्या ओठांवर काहीतरी मोजल्यासारखं चालू होतं. मधोमध ती थांबली. एक ओळ सुरुवातीला बरी होती आणि मग बैलाच्या मुतासारखी वाकडी होत शेजारच्या ओळीला चिकटली होती.

"हे कोनाची?" तिनं विचारलं.

आठ जण आभाळाकडे बघायला लागले. पहाटे कुणीच शेतात नव्हतं, हा आमचा एकमेव एकमतानं झालेला ठराव होता.

"इथून डवरा जात नाही," मावशी म्हणाली. "इथं बसून निंदा लागन. ज्याची ओळ त्यानं निंदाव. कोनाची हाय?"

सगळ्यांची नजर हळूहळू माझ्या पायाकडे आली. दुखऱ्या टाचेवर उभं राहून दोर कुणी धरला असेल, हे कळायला इंजिनियर लागत नव्हता.

"माझी," मी म्हणाले.

मी वळले, लंगडत खोलीत गेले आणि चप्पल उचलली. तिच्याखाली आठवडाभरात मुंग्यांनी घर केलं होतं. पायात घालून परत आले तेव्हा मावशीनं मला खुरपं दिलं. बाकीचे तिथेच उभे होते, कुणाला घाई नव्हती.

त्या एका ओळीला मी दसऱ्यापर्यंत बसून निंदलं. सरळ ओळींतून मावशीच्या मुलाचे बैल डवरा घेऊन गेले. मी खाली बसून, कापूस कोणता आणि गवत कोणतं ते बोटांनी शोधत. स्वयंपाकी कधी कधी दुपारी भाकरी घेऊन यायचा आणि दुसऱ्या बाजूनं निंदायला बसायचा. बोलायचा नाही. आता तो माझ्या नातवंडांचा आजोबा आहे, अजूनही बोलत नाही, भाकरी अजून पातळ करतो.

पुढच्या साली आम्ही मावशीला दोन गाडगी सरकी दिली. तिनं हात घालून मूठभर काढली, चोळली, एक सरकी दातांनी फोडली. मग एक गाडगं पदराखाली घेतलं आणि दुसरं माझ्याकडे सरकवलं.

"हे पेर," ती म्हणाली. "अन् वहान पायात ठेवजो."