ताप उतरला त्या सकाळी

विसाव्या दिवशी दादा घामानं निथळला आणि ताप उतरला, तेव्हा आईला वाटलं, सुटलो. टायफॉइडच्या गोळ्या त्यानं बरं वाटलं म्हणून पाचव्या दिवशीच सोडल्या होत्या. नंतर ताप पुन्हा चढला तो हटेना. आई पेज करायला उठली. मी त्याचे पाय चेपायला घेतले तर ते गारठलेले. गुडघे पोटाशी घेऊन तो पडला होता, कुशीवरसुद्धा वळत नव्हता.

"दुखतंय का?"

"पहाटं एकदम कळ आल्ती. आता सगळंच पोट दुखून राह्यलंय."

घनसावंगीच्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि तिथंच थांबले. मीही हात लावून पाहिला. पोट फळीसारखं ताठ होतं.

"आतड्याला भोक पडलं असावं," ते म्हणाले. "हा ताप उतरलेला न्हाई, अंग गार पडतंय. जल्दी जालन्याला न्या. पाण्याचा थेंबही देऊ नका."

सलाईनची बाटली हातात धरून मी जीपमध्ये त्याच्या उशाशी बसलो. त्याचे ओठ वाळून पांढरे पडले होते.

"घोटभर दे रे."

"डॉक्टर न्हाई म्हणलेत, दादा."

"मंग मेल्यावर पाजतो का?"

मी बाहेर बघत राहिलो. त्याच्याकडं बघितलं असतं तर पाणी दिलं असतं.

जालन्यात एक्सरे काढला. सर्जन बाईंनी काचेवर धरून छातीच्या पडद्याखालची काळी कोर दाखवली. "ही आतड्यातून सुटलेली हवा. घाण पोटभर पसरलीय. लगेच उघडावं लागेल."

"वाचंल का?"

"उशीर झालाय. पण आशा आहे."

नर्सनं ऑपरेशनच्या कागदावर बोट ठेवलं तिथं मी सही केली. आई बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं की आम्ही दोघंही उभे राहायचो.

दोन भोकं निघाली. आतडं शिवलं, पोट धुतलं. पुढचे तीन दिवस दादा बरळत होता, मला ओळखत नव्हता. जखमेत पू झाला. चौथ्या दिवशी त्यानं मला नावानं हाक मारली, तरी माझा विश्वास बसेना. बरं दिसणं एकदा फसवून गेलं होतं.

महिन्यानं आम्ही घरी आलो. दादा उंबऱ्यावर दम खात बसला, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.