डावीकडच्या काचा

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. रामू होता तोवर त्याच्यासमोर तोंड उघडत नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नव्हता. पाच आठवड्यांपूर्वी त्याच्या मुलीचा, कमलाचा, फोन आला. "काका, अप्पा गेले. सकाळची कॉफी घेतली आणि खुर्चीतच..." मी फोन ठेवला. डोळ्यांपुढे रामूचा चेहरा आलाच नाही. आली ती बोटभर लांबीची काचेची पट्टी, मधोमध निळसर डाग असलेली.

पन्नासच्या दशकात आम्ही दोघं कुंभकोणम्‌ला एकाच शाळेत शिकवत होतो. तो जीवशास्त्र, मी गणित. दोघांची घराणी मराठ्यांच्या राज्यात इकडे येऊन राहिलेली. घरात विठ्ठल आणि आमची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. रामूला एकच वेड होतं, शिकारी पक्ष्यांच्या रक्तात राहणारे परजीवी शोधायचं. कावेरीकाठी मासळी विकायला बसत तिथे घारी आणि पांढऱ्या डोक्याचे, तांबूस पाठीचे गरुड घिरट्या घालत. एक पारधी त्यांना फासात धरून टोपलीखाली झाकून आणी. मी पक्षी धरायचा, रामूने पंखाखालच्या शिरेत सुई टोचून थेंबभर रक्त काचेवर पसरायचं, आणि पक्षी अंगणातूनच सोडून द्यायचा. सुटलेला पक्षी नारळांवरून एक फेरी घेई... त्याची सावली आमच्या अंगावरून सरकत जाई, आणि आम्ही दोघं वर बघत राहायचो.

इकडे गरुड दिसला की गालांना बोटं लावून हात जोडतात. माझे हात आपोआप वर जात.

"नमस्कार पुरे," रामू म्हणे. "पाय धर आता त्याचे, आणि उगा राहा. नाहीतर प्रसाद मिळेल."

मायक्रोस्कोप पितळी होता, कोणाकडून तरी जुना घेतलेला. त्याच्या आरशाची मोडलेली दांडी स्वामीमलैच्या एका मूर्ती ओतणाऱ्याने नवी ओतून दिली होती, म्हणून तिला देवाच्या मनगटासारखा गोलावा होता. त्यातून रामूने मला तो परजीवी दाखवला. पक्ष्याच्या तांबड्या पेशीत मधोमध केंद्रक असतं. त्याला वळसा घालून एक निळा पट्टा पहुडला होता, त्यात सोनेरी कण. "बेटाला कावेरी वळसा घालते ना, तसा," रामू म्हणाला. "पक्षी उडतो, खातो, आणि आत ही नदी."

काचांवर नावं घालणं माझं काम. हिऱ्याच्या टोकाने ओरखडून लिहायचं. पण देवाच्या वाहनाचं नाव ओरखडायला माझा हात होईना. एके दिवशी चार गरुड आणि चार घारी आल्या, तेव्हा मी गरुडांची नावं शाईने लिहिली, आणि फरक रामूच्या ध्यानात येऊ नये म्हणून घारींचीही. रक्त पक्कं बसावं म्हणून काचा स्पिरिटमध्ये बुडवल्या आणि आठही नावं विरघळून गेली. ट्रेमध्ये डावीकडे गरुडाच्या चार, उजवीकडे घारींच्या चार, हे फक्त मला माहीत होतं.

रामू एकेक काच बघत गेला.

"उजवीकडच्या स्वच्छ आहेत. डावीकडच्या चारही भरल्यात रे, विठू. कोणाच्या या?"

गरुडाच्या अंगात कीड आहे असं कागदावर यावं, तेही माझ्या तोंडून... मला सोसेना.

"घारींच्या," मी म्हणालो.

"शाईने लिहितोस, शहाण्या," तो म्हणाला, आणि आठही नावं त्याने स्वतः ओरखडली.

त्याने लेख लिहिला की इथल्या गरुडांचं रक्त स्वच्छ आहे. दोन वर्षांनी एका जाणकाराचं पत्र आलं. याच काठावरच्या कितीतरी गरुडांमध्ये त्यांना परजीवी सापडले होते. पाहणाऱ्याची नजर कच्ची असावी, असं त्यांनी लिहिलं होतं. रामूने 'गरुड' लिहिलेल्या त्या चार स्वच्छ काचा बाहेर काढल्या. वर्षभर रोज शाळेतून आला की खिडकीशी बसून बघायचा.

"आहे म्हणतात, मला दिसत नाही," तो मला म्हणाला. "डोळे गेले वाटतं माझे."

तो चाळिशीचाही नव्हता. "होतं असं," मी म्हणालो. मग एक दिवस त्याने मायक्रोस्कोपवर धोतराचा तुकडा टाकला, तो पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाच्या देवळात आम्ही शेजारी बसलो होतो. "विठू, तेव्हा चुकलं ते माझंच ना?" त्याने विचारलं. वाक्य माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात मृदंग सुरू झाला, आणि मला बरं वाटलं.

परवा कमलाकडे गेलो. मायक्रोस्कोप खिडकीशीच आहे, शेजारी रामूची खुर्ची. 'गरुड' लिहिलेल्या चार काचांचा रंग उडून गेलाय, इतक्या वेळा त्याने त्या उजेडात धरल्या. 'घार' लिहिलेल्या चार पेटीच्या अंधारात तशाच निळ्या राहिल्या. मी त्यातली एक लावली, मूर्तिकाराने ओतलेल्या दांडीवरचा आरसा उजेडाकडे वळवला. नदी अजून बेटाला वळसा घालते आहे... मग खुर्चीकडे वळून ते वाक्य म्हणालो. रामू, डावीकडच्या गरुडाच्या होत्या.