हँगरमधला कोपरा
रॉकेलचा वास आला की मला विमानतळावरचं ते जुनं हँगर आठवतं. गिरण्यांचा संप फसून दहाएक वर्षं झाली होती आणि मी एका सफाई कंत्राटदाराकडे मुकादम होते. हँगर रिकामं करायचं होतं. आत फाटके टायर, तेलाची पिंपं आणि जमिनीवर कबुतरांच्या विष्ठेचा बोटभर थर. त्या दिवशी लालबागहून आलेल्या नव्या माणसांत एक म्हातारा होता. त्याला मी लगेच ओळखलं. संपानंतर माझे बाबा कामावर परत घ्या म्हणून हात जोडून गिरणीत गेले, तेव्हा कामगारांची भरती करणाऱ्या याच जॉबरने त्यांना सगळ्यांदेखत फाटकापाशी झाडायला लावलं होतं आणि झाडून झाल्यावर "आता घरी जा" म्हणून हाकललं होतं. शाळेच्या कपड्यांत मी तिथेच उभी होते. मी म्हाताऱ्याच्या हातात झाडू दिला. "काका, हा सगळा कोपरा तुमचा." वरचा पत्रा तापला होता, तो खोकत होता, एक बाई त्याच्या मदतीला निघाली तर मी तिला अडवलं. संध्याकाळी फरशी दिसायला लागली तेव्हा म्हटलं, "आता घरी जा. उद्या येऊ नका." त्याने झाडू भिंतीला टेकवला. "तू कोणाची गो?" मी बाबांचं नाव सांगितलं, फाटकाचंही सांगितलं. त्याने बराच वेळ आठवून पाहिलं. "असतील बाय," तो म्हणाला, "तेव्हा रोज कोणीतरी यायचा. मी सगळ्यांनाच झाडायला लावायचो." आज मी त्याच्या तेव्हाच्या वयाची झालेय. त्याला हाकलल्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. त्याला बाबा आठवले नाहीत, याचा राग मात्र तेव्हापेक्षा वाढलाय.