तितरांसाठी भिंत

माझी त्रिवेणीआत्या दिवाणी कोर्टात कारकून होती. नोकरीभर तिनं जमिनीचे दावे पाहिले आणि त्यातून एकच शहाणपण घरी आणलं: ज्याला भिंत नाही, त्याच्यावर कब्जा होतो. मलकपेठच्या घरात तिच्या कपाटाला दोन कुलपं असत. ही बाई एक दिवस साखरेच्या डब्यालाही कुलूप लावेल, असं आम्ही तिला चिडवायचो. लग्न तिनं केलं नाही. पगारातून कुकटपल्लीच्या पलीकडे एक प्लॉट तेवढा घेतला. घर बांधायचं राहून गेलं आणि प्लॉटवर बोरीची झुडपं माजली.

दर रविवारी मी तिला गाडीतून तिकडे न्यायची, तीही कुरकुरत. दगड आणि काटे बघायला कोण एवढं पेट्रोल जाळतं? पण आत्या जायची ती तितरांसाठी. राखी, अंगावर बारीक नक्षी असलेली ती जोडी बोरीखालून निघायची आणि मान ताठ करून तुरुतुरु चालायची. नर दगडावर चढून सारा माळ डोक्यावर घ्यायचा. "सुभान तेरी कुदरत म्हणू लागलाय बघ, देवाच्या करणीचं कौतुक गातोय," आत्या म्हणायची. मला ते ओरडणं फेरीवाल्यासारखं वाटायचं, आणि तसं म्हटलं की ती परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात कुत्र्यांनी त्यांची अंडी खाल्ली. कोर्टात भल्याभल्या वकिलांना गप्प बसवणारी बाई त्या फुटक्या कवचांपाशी बसून रडली. यंदा मादी पुन्हा बोरीखालच्या खळग्यात बसलेली दिसली, तेव्हा आत्यानं थेट विजय नावाच्या ठेकेदाराला बोलावलं. प्रीकास्टची, म्हणजे तयार सिमेंटच्या फळ्यांची भिंत, पत्र्याचं गेट.

"अम्मा, दो रोज में खडा कर देतौं," तो म्हणाला.

काम चालू असताना आत्या बोरीसमोर खुर्ची टाकून उन्हात बसून राहिली. मजुरांना तिकडे फिरकू दिलं नाही. मादी हलली नाही. गेटखाली फट राहिली होती. कुत्री तिथून उकरतील म्हणून आत्यानं ती सिमेंटनं बुजवून घेतली. वर कुलूप लावलं.

"आता कोण येतं बघते," ती म्हणाली. इतकी खूश मी तिला तिच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिली नव्हती.

नंतरच्या रविवारी मादी अजून अंड्यांवर होती. त्यानंतरच्या रविवारी आत्यानं पिल्लांसाठी बाजरी घेतली आणि आमच्यासाठी सुलतान बाजारातले पेढे. वाटेत ती बोलत होती, की तितराची पिल्लं घरट्यात थांबत नाहीत. अंड्यातून निघाली, अंग वाळलं, की आईमागे चालू लागतात. तितर चिमणीसारखे चोचीत घास आणून भरवत नाहीत. आई वाळवीपाशी नेते, शेणातला किडा उकरून दाखवते आणि पिल्लू आपलं आपण उचलतं. हे सगळं तिनं किती तरी उन्हाळे बघितलेलं होतं. बोलता बोलता ती एकदम थांबली. पुढचा सगळा रस्ता पेढ्यांचा पुडा तिनं दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

नर भिंतीवर उभा होता आणि पलीकडच्या माळाकडे तोंड करून ओरडत होता. त्या माळावर गुरं चरतात; शेण आणि वाळवी सगळी तिकडेच. आत्यानं किल्ली माझ्याकडे दिली आणि मी गेट उघडलं. मादी भिंतीच्या कडेनं इकडून तिकडे धावत होती. मागे एकच पिल्लू होतं. बाकीची गेटच्या आतल्या बाजूला पडली होती, जिथं पूर्वी वाट होती तिथं. तापलेल्या सिमेंटला चिकटून, मुठीत मावतील एवढी.

आम्ही गेट सताड उघडं ठेवून दूर गाडीत जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं मादी बाहेर आली. पिल्लू मागे होतं, पडत-उठत. रस्ता ओलांडून दोघं गवतात शिरली.

"जगेल ते," मी म्हणाले.

"नक्को बोलू, वृषाली. दावा मीच लावला, निकालही मीच दिला."

तिनं विजयला फोन करून गेट उचलून न्यायला सांगितलं. संध्याकाळी माझ्या बाबांना ते कळलं. त्यांचं तिच्यापुढे कधी काही चाललं नव्हतं, पण त्या दिवशी ते चिडले. "अगं ताई, उघडं ठेवलंस तर लोकं कब्जा करतील!"

आत्यानं प्लॉटची किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि त्यांच्याकडे सरकवली.

"हौ, करतील," ती म्हणाली. "करू दे."

त्यानंतरही मी तिला दर रविवारी नेते. ती गाडीतून उतरत नाही. काच खाली करते आणि ऐकत बसते.